पोट भरलेलं असतानाही हात पाकिटात का जातो?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. लांबलचक आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथे देते.

"वय ३६, बैठं काम. दिवसभर मी अगदी शहाण्यासारखं खाते. सकाळी फळं, दुपारी सॅलड नाहीतर उकडलेल्या भाज्या, तेल-लोणी जवळजवळ बंदच केलंय. रात्रीचं जेवणही बेताचं. आणि मग साडेदहाला सगळं आवरून फोन घेऊन सोफ्यावर बसले की काय होतं कळत नाही, चिप्स, चीज, आईस्क्रीम, घरात जे असेल ते. भूक नसते हो. दोन-तीन घासांनंतर तर चवसुद्धा लागत नाही, तरी हात थांबत नाही. झोपायला एक वाजतो, सहाला उठायचं असतं. सकाळी स्वतःचाच राग येतो. नवरा म्हणतो, तुझ्यात विल पॉवरच नाही. माझ्या मेंदूतच काही बिघाड आहे का? हे व्यसन आहे का? सगळीकडे डोपामिन डिटॉक्सबद्दल वाचते, ते करू का? की सरळ वजन कमी करायचं ते इंजेक्शन घेऊ? उंची १६० सेंटिमीटर, वजन ६४ किलो."

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. चव लागत नाही तरी हात थांबत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, पण तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली तिथेच आहे. आपण सगळे असं धरून चालतो की माणूस एखादी गोष्ट परत परत खातो म्हणजे ती त्याला खूप आवडते, त्यातून खूप सुख मिळतं, आणि त्या सुखाला तो भुलतो. मेंदूत मात्र या दोन वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. एखादी गोष्ट खाताना छान वाटणं ही एक, आणि ती खायची ओढ लागणं ही दुसरी, दोन्हींची रसायनं वेगळी, जागाही बऱ्याच वेगळ्या. साधारणपणे दोन्ही एकत्र चालतात म्हणून आपल्याला फरक कळत नाही. तुमच्या बाबतीत रात्री अकरा वाजता त्या सुटून वेगळ्या झालेल्या असतात, आवड कधीच संपलेली असते आणि ओढ तेवढी चालू राहते.

हे मी मनाने सांगत नाहीये. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज नावाचे शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली उंदरांवरचा एक प्रयोग छापला. त्या काळी सगळे मानायचे की डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन. त्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं, आता या उंदरांना गोड आवडणार नाही अशी अपेक्षा होती. ते उंदीर आपणहून खायला जाईनासे झाले, समोर अन्न असलं तरी नाही. पण जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब टाकला की आधीसारखेच ओठ चाटायचे, तान्ही बाळं गोड लागल्यावर चाटतात ना तसेच. म्हणजे आवड शाबूत होती, फक्त उठून जाऊन ते मिळवायची ओढ गेली होती. पुढे १९९५ मध्ये रिचर्ड पामिटर यांच्या गटाने जन्मापासून डोपामिन तयारच होत नाही असे उंदीर तयार केले, तर ती पिल्लं काही आठवड्यांत उपाशी मेली, औषधातून डोपामिन दिलं तेव्हाच खायला लागली. हे वाचल्यावर मला डोपामिनला दोष देणाऱ्यांचं आश्चर्य वाटतं, ते नसेल तर आपण जेवणाच्या ताटापर्यंतही जाणार नाही.

आणि खाताना जे छान वाटतं त्यामागे प्रामुख्याने मेंदूत तयार होणारी अफूच्या जातीची रसायनं म्हणजे ओपिऑइड्स आणि गांजातल्या द्रव्यासारखं काम करणारी एंडोकॅनाबिनॉइड्स असतात. गंमत म्हणजे हे सुख निर्माण करणारे ठिपके अगदी छोटे असतात, उंदराच्या मेंदूत असा एक ठिपका जेमतेम एक घन मिलिमीटर भरतो. ओढीची यंत्रणा मात्र मोठी, पसरलेली आणि दणकट. म्हणून ओढ लागणं सोपं आणि खरं समाधान मिळणं अवघड, हे तुमच्या एकटीचं नाही, सगळ्यांचीच बांधणी अशी आहे.

आता साडेदहाच्या सोफ्याकडे येऊ. वोल्फ्राम शुल्त्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूत डोपामिनच्या पेशी कधी पेटतात ते मोजलं. सुरुवातीला माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की पेशी पेटायच्या. मग त्यांनी आधी दिवा लावायचा आणि नंतर रस द्यायचा असं सुरू केलं, तर काही दिवसांनी पेशी रसाला पेटेनाशा झाल्या, दिव्यालाच पेटायला लागल्या. आणि दिवा लागला पण रस आलाच नाही तर बरोबर त्या क्षणाला पेशी नेहमीपेक्षाही गप्प व्हायच्या. तुमच्यासाठी आवरलेलं घर, सोफा, हातात फोन, मंद दिवा हा सगळा मिळून तो दिवा झालाय. चिप्स तोंडात जायच्या आधीच मेंदूचं काम झालेलं असतं. आणि तुम्ही निर्धाराने "आज नाही" म्हणून तिथेच बसून राहता तेव्हा जी चिडचिड, बेचैनी, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं ना, ती त्या न आलेल्या रसाची आहे असं मला वाटतं. त्या जागी बसून, त्या वेळी, त्या अवस्थेत स्वतःशी भांडायचं म्हणजे सगळ्यात अवघड जागा निवडून लढायला जायचं.

मग प्रश्न येतो की हे सगळं चरबीच्या पदार्थांबाबतच एवढं जोरात का होतं, काकडीची कोणाला रात्री अकराला ओढ लागत नाही. एक कारण सरळ आहे, चरबीच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, प्रथिनं आणि कर्बोदकांत ४. ज्या काळात आपला मेंदू घडला त्या काळात अन्न मिळायची खात्री नव्हती, तेव्हा चरबी ओळखता येणं आणि तिच्यामागे जाणं म्हणजे जगणं. त्यामुळे ओळखायची सोय एका ठिकाणी ठेवून शरीराचं भागलं नाही, ती तोंडापासून आतड्यापर्यंत जागोजागी आहे. तोंडात तो मऊ गुळगुळीत स्पर्श कळतो, वास कळतो, जिभेवर चरबीच्या आम्लांना पकडणारे रिसेप्टर असतात, सीडी ३६ नावाचा त्यातला एक बराच अभ्यासलेला आहे.

पण मला स्वतःला सगळ्यात जास्त थक्क करतं ते आतड्याचं काम. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॅनिएले पिओमेली यांच्या गटाने उंदरांना तेलकट द्रव प्यायला दिला आणि पोटात जाताच नळीने बाहेर काढून घेतला, म्हणजे फक्त चव मिळाली, पचायला काहीच नाही. तरी त्यांच्या लहान आतड्यात एंडोकॅनाबिनॉइड्स वाढली. साखरेच्या पाण्याने किंवा प्रथिनांनी ती वाढली नाहीत, फक्त चरबीने. आणि ही रसायनं अडवली की उंदरांचं ते पिणं कमी व्हायचं. म्हणजे पहिला घास जिभेला लागतो आणि आतडं "अजून पाठव" म्हणायला लागतं, हे तुम्ही ठरवून होत नाही आणि ठरवून थांबतही नाही. नंतर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स झुकर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की आतड्यात चरबी पोचल्याची बातमी व्हेगस नावाच्या मोठ्या नसेतून थेट मेंदूत जाते आणि उंदीर त्यावरून चरबीच्या पाण्याची बाटली निवडायला शिकतात, तोंडाला चरबीची चव कळत नसलेले उंदीरसुद्धा. त्या नसेतला ठरावीक रस्ता बंद केला की ही निवड नाहीशी होते. म्हणजे "जिभेचे चोचले" म्हणून आपण जे हिणवतो त्यात बिचाऱ्या जिभेचा वाटा अर्धाच आहे.

आणि मनाचंही बघा. बेल्जियममध्ये ल्युव्हेनला २०११ मध्येच एक अभ्यास झाला, लोकांना उदास संगीत ऐकवलं, उदास चेहरे दाखवले, आणि काहींच्या पोटात नळीने चरबीचं आम्ल सोडलं, काहींच्या साधं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलंय माहीत नव्हतं, चव नाही, वास नाही, दिसणं नाही. ज्यांच्या पोटात चरबी गेली त्यांना उदासी कमी जाणवली. लहानसा अभ्यास होता, पण दिवसभराचं सगळं निस्तरून रात्री एकट्या बसलेल्या बाईला चीज का हवं असतं याचं उत्तर त्यात थोडंफार तरी आहे. तुम्ही पत्रात दिवसाबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण रात्री साडेदहापर्यंत तुम्हाला स्वतःसाठी बसायला मिळत नाही हे त्यातून दिसलं मला.

चिप्स, आईस्क्रीम यात अजून एक गोष्ट आहे. चरबी आणि कर्बोदकं एकत्र. येल विद्यापीठातल्या डाना स्मॉल यांच्या गटाने २०१८ मध्ये लोकांना खाऊची चित्रं दाखवून बोली लावायला सांगितली, काही खाऊ फक्त चरबीचे, काही फक्त कर्बोदकांचे, काही दोन्ही असलेले, कॅलरी सगळ्यांत सारख्या, आणि ते आवडतातही साधारण सारखेच. लोकांनी जास्त पैसे लावले दोन्ही असलेल्यांवर, आणि मेंदूतल्या बक्षिसाच्या भागांचा प्रतिसादही दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त होता. निसर्गात अशी जोडी फार कमी ठिकाणी मिळते, आईच्या दुधात मिळते, बाकी क्वचित. कारखान्यात मात्र ती पाकीटबंद मिळते, वर मीठ आणि कुरकुरीतपणा. त्यामुळे अख्खं पाकीट संपवल्याबद्दल स्वतःला दोष देताना एवढं लक्षात घ्या की ते संपावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं.

तुमचा पहिला प्रश्न, मेंदूत बिघाड आहे का. नाही, तुम्ही लिहिलंय त्यात मला बिघाडाचं लक्षण दिसत नाही. मेंदू शिकलाय, आणि चांगलाच शिकलाय. जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेत येलच्या लोकांबरोबर एक अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. नॉर्मल वजनाच्या लोकांना ८ आठवडे रोजच्या जेवणासोबत एक छोटं पुडिंग दिलं, एका गटाला जास्त चरबी-साखरेचं, दुसऱ्याला कमी चरबीचं. बाकी जेवण त्यांचं त्यांचं. ८ आठवड्यांनी पहिल्या गटाच्या लोकांना कमी चरबीचं खाणं आधीपेक्षा कमी आवडायला लागलं आणि मिल्कशेकला त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद वाढला. वजन मात्र दोन्ही गटांत विशेष फरकाने वाढलेलं नव्हतं. म्हणजे जाड झाल्यामुळे मेंदू बदलला असं नाही, रोजच्या एका छोट्या वाटीनेच बदलला. हे वाचून घाबरू नका, कारण उलटंही होतं, त्यावर पुढे येतेच.

व्यसन आहे का. यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे आणि मी माझं मत सांगते, तुमच्यासाठी हा शब्द वापरू नये असं मला वाटतं. २००१ मध्ये एक अभ्यास आला होता की खूप लठ्ठ लोकांच्या मेंदूत डोपामिनचे डी-२ रिसेप्टर (पेशींवरच्या डोपामिन पकडणाऱ्या जागा) कमी दिसतात, व्यसनी लोकांसारखेच, त्यावरून खूप मथळे झाले. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत ते तसंच दिसलं नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या केविन हॉल यांच्या गटाने ५० माणसांना मिल्कशेक देऊन डोपामिन मोजलं, तर वाढ फार थोडी आणि माणसागणिक वेगवेगळी निघाली, कोणाची वाढली कोणाची नाही, आणि वजनाशी तिचा संबंध दिसला नाही. त्यामुळे "चीज म्हणजे कोकेन" वगैरे जे फिरतं ते सोडून द्या. मानसिक आजारांच्या अमेरिकन नियमावलीत, डीएसएम-५ मध्ये, अन्नाचं व्यसन असं निदान नाहीच आहे. तिथे बिंज ईटिंग डिसऑर्डर आहे आणि तो वेगळा विषय आहे, तो तपासून बघा. थोड्या वेळात खूप जास्त खाल्लं जातं, आता मला थांबताच येत नाही असं वाटतं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेने लपून खाणं, नंतर घृणा, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालू. असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, त्याला सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी चांगली लागू पडते, यात कमीपणा काही नाही. आणि एखादं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना विचारा, स्टेरॉइड्स, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या यांनी भूक वाढते. पार्किन्सनच्या ज्या गोळ्या डोपामिनसारखं काम करतात त्यांनी तर काही पेशंटना खाणं, जुगार, खरेदी आवरेनाशी होते आणि गोळी कमी केली की थांबते. म्हणजे त्या माणसांचं चारित्र्य बदललेलं नसतं, रसायन बदललेलं असतं. हा परिच्छेद तुमच्या मिस्टरांना वाचायला द्या.

डोपामिन डिटॉक्स, म्हणजे आनंद देणारं सगळं काही दिवस बंद ठेवायचं, ते तर अजिबात नको. डोपामिन हे शरीरात साठलेलं विष नाही की ते काढून टाकता येईल. ते नसेल तर हातपाय हलत नाहीत. आणि बक्षिसाची यंत्रणाच बंद करून बघायचा प्रयत्न माणसांवर झालेला आहे बरं का. रिमोनाबंट नावाचं औषध, एंडोकॅनाबिनॉइड्सचा रस्ता अडवणारं, २००६ मध्ये युरोपात मिळायला लागलं. भूक कमी व्हायची, वजनही उतरायचं. पण लोकांना नैराश्य यायला लागलं, आत्महत्येचे विचार यायला लागले, आणि २००८ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. जी यंत्रणा चीज छान लावते तीच बाकीचं आयुष्यही छान लावते, ती दाबून टाकायला जाऊ नये. तुम्ही आठवडाभर फोन, गाणी, गोड, गप्पा सगळं बंद करून कोपऱ्यात बसलात तर मला वाटतं आठव्या दिवशी चिप्सची ओढ दुप्पट लागेल.

मग करायचं काय. तुमच्या पत्रावरून मला जे दिसतंय ते सांगते.

सगळ्यात आधी दुपारचं जेवण बदला, रात्रीचं खाणं नंतर बघू. तुम्ही दिवसभर जवळजवळ बिनचरबीचं खाताय आणि रात्री शरीर ती वसूल करतंय, असा माझा स्पष्ट अंदाज आहे. चरबी ही शरीराची गरज आहे, ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स तिच्याशिवाय नीट शोषली जात नाहीत, काही फॅटी ॲसिड्स शरीर स्वतः बनवूच शकत नाही. शिवाय चरबी आतड्यात पोचली की सीसीके नावाचं हार्मोन सुटतं, पोट सावकाश रिकामं होतं, आणि ओईए नावाचं एक द्रव्य आतड्यातच तयार होतं जे पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नेतं. हे सगळं दुपारी व्हायला हवं. त्यामुळे दुपारी अंडं, मासे, डाळी, दही, मूठभर दाणे, भाजीत नीट तेल, जे तुम्हाला चालतं ते, पोटभर. सॅलड सोबत असू दे, पण फक्त सॅलड नको. संध्याकाळी परत थोडंसं काहीतरी प्रथिनांचं. पोट रिकामं राहिलं की घ्रेलिन वाढतं, हे भुकेचं हार्मोन १९९९ मध्ये जपानमध्ये सापडलं, आणि ते फक्त पोटात गुरगुर करत नाही, मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींनाही चेतवतं. तुम्हाला रात्री भूक जाणवत नसेल, पण दिवसभराची तूट मेंदू मोजत असतो.

दुसरं म्हणजे झोप, आणि इथे मी जरा हट्टाने बोलणार आहे. एक ते सहा म्हणजे पाच तास. शिकागो विद्यापीठात २०१६ मध्ये तरुण निरोगी लोकांना चार रात्री साधारण साडेचार तासच झोपू दिलं, तर त्यांच्या रक्तातलं टू-एजी नावाचं एंडोकॅनाबिनॉइड दुपारनंतर जास्त चढलं आणि संध्याकाळपर्यंत चढलेलंच राहिलं, आणि नुकतंच भरपूर जेवलेले असूनही त्यांनी समोरचा चमचमीत खाऊ जास्त खाल्ला. म्हणजे तुम्ही रात्री खाता म्हणून उशिरा झोपता, आणि कमी झोपता म्हणून दुसऱ्या रात्री अजून ओढ लागते. हे चक्र खाण्याच्या बाजूने तोडणं अवघड, झोपेच्या बाजूने सोपं. अकरा वाजता अंथरुणात, पहिले दोन आठवडे बाकी काही जमलं नाही तरी चालेल, एवढंच करा. घरातली उरलेली कामं दुसऱ्या कोणीतरी करायची आहेत, ज्यांना विल पॉवरची काळजी वाटते त्यांनी ती करावीत.

तिसरं तो दिवा. सोफा, फोन, साडेदहा ही साखळी कुठेतरी एका जागी मोडायची. जागा बदला, दुसऱ्या खोलीत बसा, हाताला काम देणारं काहीतरी घ्या, ज्या ॲपवरून खाण्याच्या जाहिराती आणि सूचना येतात त्यांच्या सूचना बंद करा, कारण ते चित्र दिसणं हेच मेंदूसाठी अर्धं खाणं असतं. घरात पाकीट ठेवू नका असं सगळे सांगतात, ते ठीकच आहे, पण घरात बाकी माणसं असतात, त्यामुळे निदान समोर ठेवू नका. डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टीसाठी उठून स्टूल घेऊन चढावं लागलं की मधे विचार करायला वेळ मिळतो, ओढ ही लाट येते तशी येते आणि बहुतेक वेळा ओसरतेही, फक्त ती ओसरेपर्यंत तुम्ही पाकिटाजवळ नसावं.

आणि पूर्ण बंदी घालू नका हो. चीज आवडतं ना, मग शनिवारी दुपारी, पोटात थोडं जेवण असताना, ताटलीत घेऊन, फोन बाजूला ठेवून, आवडीचं चांगलं चीज खा, आणि खाताना लक्ष द्या की चव कुठपर्यंत लागते. एकाच चवीचा घास परत परत घेतला की तिचा आनंद उतरत जातो, हे प्रत्येकाचं होतं. तुम्हाला तो उतरलेला कळतोय, तिसऱ्या घासाला कळतोय, तुम्ही स्वतःच लिहिलंय. रात्री ती जाणीव फोनखाली दबून जाते. दुपारी ती ऐकू येईल.

चौथी गोष्ट वेळखाऊ आहे. जीभ बदलते. रिचर्ड मॅटेस यांनी १९९३ मध्ये एक छान अभ्यास छापला होता, काही लोकांनी चरबी कमी केली आणि चरबीसारखं लागणारे नकली पदार्थसुद्धा बंद केले, काहींनी चरबी कमी केली पण त्याजागी फॅट-फ्री क्रीम, फॅट-फ्री ड्रेसिंग असं खात राहिले. साधारण १२ आठवड्यांनी पहिल्या गटाला कमी चरबीचं खाणंच जास्त आवडायला लागलं. दुसऱ्या गटाचं काहीच बदललं नाही, कारण जिभेला ती गुळगुळीत चव रोज मिळतच होती. म्हणून तुम्हाला मी दाणे, मासे, भाजीतलं तेल खा म्हणते, पण ते लो-फॅट क्रीमी डेझर्ट नको म्हणते, हे उलटं वाटलं तरी त्यामागे कारण आहे. आणि दोन-तीन आठवड्यांत काही वाटलं नाही म्हणून सोडू नका, या गोष्टीला महिने लागतात. मधे एखाद्या रात्री पाकीट संपलं तर संपलं, दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून उपाशी राहायचं नाही, दुपारचं जेवण नेहमीसारखंच जेवायचं. उपाशी राहिलात की रात्री परत तेच.

विल पॉवरबद्दल. मिस्टरांना राग येऊ नये म्हणून मी हे गोड शब्दांत लिहिणार नाही. असं बोलल्याने कोणाचंही खाणं कमी होत नाही. ताण चढलेल्या शरीराला चरबी आणि साखर हवी असते, ताणाच्या हार्मोन्सवर काम केलेल्या मेरी डालमन यांनी २००३ मध्ये हे मांडलं होतं की असं खाणं ताणाची यंत्रणा थोडी शांतही करतं, म्हणून तर ते हवंसं वाटतं. टोमणा मारला की ताण वाढतो. मदत करायची असेल तर रात्री दहानंतर घर त्यांनी आवरावं आणि तुमच्याशी बोलत बसावं, फोनची गरजच पडणार नाही.

आता इंजेक्शन. सेमाग्लुटाइडसारखी औषधं खरंच काम करतात, जीएलपी-१ या आतड्यातल्या हार्मोनची ती नक्कल आहे, आणि मेंदूवरही तिचा परिणाम होतो, घेणारे बरेच लोक सांगतात की डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचार गप्प झाला. ज्यांना गरज आहे त्यांनी ती लाज न बाळगता घ्यावीत. पण अमेरिकेत २०२१ मध्ये वजन कमी करण्यासाठी त्याला मंजुरी मिळाली तेव्हा अट होती बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० किंवा जास्त, किंवा २७ आणि सोबत वजनाशी संबंधित एखादा आजार. तुमचा बीएमआय २५ येतो. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता असे त्रास होतात, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी साधारण दोन तृतीयांश परत आल्याचं मोठ्या अभ्यासात दिसलंय. तुमची अडचण रात्रीचे दोन तास, पाच तासांची झोप आणि अर्धपोटी दुपार ही आहे, त्यासाठी मी हे औषध सुचवणार नाही. तरी साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल आणि बीपी एकदा तपासून घ्या, घरात कोणाला डायबिटीस असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, आणि रिपोर्टमध्ये काही निघालं तर इंजेक्शनचा विषय त्यांच्यासमोर परत काढा, फक्त कोणाच्या सांगण्यावरून किंवा ऑनलाइन मागवून स्वतः सुरू करू नका.